सेव्ह केलेला बदल दिसत नाही, जुनाच कोड चालतो: ॲनिमेट आणि बाहेरचा एडिटर

फोंड्यातील माझ्या कामाच्या खोलीत दोन संगणक आहेत. त्यांवर मी मुख्यतः शाळांसाठी मराठी आणि कोकणी धडे, आणि अधूनमधून एखाद्या प्रदर्शनातील स्पर्शपडद्यासाठी माहिती तयार करतो. चित्रे, आवाज आणि टाइमलाइन (फ्रेमची कालपट्टी) ॲडोबी ॲनिमेट या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये राहतात, पण कोड मी व्हीएस कोड या वेगळ्या एडिटरमध्ये लिहितो, कारण ॲनिमेटच्या ॲक्शन्स पॅनलमध्ये शंभर ओळींच्या पुढचा कोड सांभाळणे फार कष्टाचे होते. या जोडणीत एकच बिघाड पुन्हा पुन्हा समोर येतो, माझ्या कामात आणि फोन करणाऱ्यांच्या कामातही: एडिटरमध्ये दुरुस्ती केली, सेव्ह केली, चाचणी घेतली, आणि पडद्यावर कालचाच कोड चालू.

अशा वेळी बहुतेक जण कोड पुन्हा वाचू लागतात आणि चांगल्या ओळी बिघडवून बसतात. माझा अनुभव असा आहे की दहापैकी आठ-नऊ वेळा कोड बरोबर असतो. तुम्ही एक फाइल सुधारत असता आणि ॲनिमेट, ब्राउझर किंवा शाळेतील संगणक दुसरीच फाइल वाचत असतो. म्हणून खालील सर्व तपासण्या कोडविषयी नसून फाइलींविषयी आहेत.

लक्षणे

लक्षण नेमके कोणते आहे हे आधी कागदावर लिहून काढावे, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या दिशेला बोट दाखवते. टेस्ट मूव्ही, म्हणजे ॲनिमेटमधूनच चाचणी, केल्यावर ॲनिमेटमध्येच जुने वर्तन दिसत असेल, तर गोष्ट तुमच्याच संगणकावरील फाइलींची आहे. ॲनिमेटमध्ये नवे आणि ब्राउझरमध्ये जुने दिसत असेल, तर संशय ब्राउझरच्या साठ्यावर किंवा पब्लिशच्या (तयार फाइली बाहेर काढण्याच्या) पर्यायांवर घ्यावा. धडा स्वतंत्रपणे उघडल्यावर बरोबर चालतो पण मेनूमधून उघडल्यावर जुना होतो, हे ॲक्शनस्क्रिप्टच्या, म्हणजे ॲनिमेटच्या जुन्या कोडभाषेच्या, प्रकल्पांतील अगदी ठराविक लक्षण आहे आणि त्याचे कारण पुढे सविस्तर दिले आहे. तुमच्याकडे बरोबर चालते पण शाळेत जुने दिसते, किंवा शाळेत एक दिवस बरोबर चालून दुसऱ्या सकाळी पुन्हा जुने होते, ही दोन लक्षणे एकसारखी वाटली तरी त्यांची कारणे वेगळी आहेत. शेवटचे लक्षण सर्वांत फसवे: त्रुटीचा संदेश येत नाही, ॲनिमेशन व्यवस्थित फिरते, पण बटणे दाबल्यावर काहीच होत नाही.

कशालाही हात लावण्यापूर्वी प्रकल्पाच्या संपूर्ण फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तिच्या नावात तारीख घालावी.

आधी बिनखर्चाच्या दोन गोष्टी

व्हीएस कोडमध्ये फाइलच्या टॅबवर भरीव गोल ठिपका दिसत असेल, तर ती फाइल सेव्ह झालेली नाही. हे सांगताना मलाच संकोच वाटतो, पण गेल्या पावसाळ्यात मी स्वतः याच ठिपक्यापायी पाऊण तास घालवला आहे. फाइल मेनूतील ऑटो सेव्ह चालू ठेवल्यास हा प्रश्न उरत नाही. त्याचबरोबर तीच फाइल ॲनिमेटच्याही टॅबमध्ये उघडी नाही ना, हे पाहावे. ती दोन्हीकडे उघडी असेल, तर ॲनिमेटमधील जुनी प्रत नकळत सेव्ह होऊन तुमच्या नव्या बदलावर लिहिली जाऊ शकते. तसे घडले असल्यास घाबरू नये; व्हीएस कोडच्या एक्सप्लोररमध्ये तळाला टाइमलाइन नावाचा विभाग असतो आणि त्यात त्या एडिटरमधून सेव्ह केलेल्या आधीच्या आवृत्त्या सहसा मिळतात.

एचटीएमएल५ कॅनव्हासचे, म्हणजे ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टवर चालणारे, काम असेल, तर कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबून पान ताजे करावे. ब्राउझर जेएस (जावास्क्रिप्टची) फाइल एकदा आणून स्वतःकडे साठवतो आणि पुढच्या वेळी तीच देतो. वारंवार चाचणी घ्यायची असेल, तर एफ१२ दाबून नेटवर्क विभागातील डिसेबल कॅशे या चौकोनात खूण करावी, मात्र ती खूण ते साधन उघडे असेपर्यंतच लागू राहते.

मुद्दाम केलेली चूक

यापुढची तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते. मध्यंतरी डिचोलीच्या एका शिक्षिकेचा फोन आला. त्यांच्या शाळेसाठी पूर्वी कोणीतरी तयार केलेल्या गोव्याच्या भूगोलाच्या धड्यात तालुक्यांची संख्या ११ होती. धारबांदोडा हा बारावा तालुका झाल्यामुळे ती १२ करायची होती, तेवढीच दुरुस्ती. त्यांनी एएस (ॲक्शनस्क्रिप्टच्या कोडची) फाइल व्हीएस कोडमध्ये उघडली, आकडा बदलला, तीनदा सेव्ह केला.

“सर, फाइलीत बारा आहेत, पडद्यावर अजून अकराच दिसतात.”

“बाई, त्या फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत कसलाही अर्थहीन शब्द टाइप करा, सेव्ह करा आणि टेस्ट मूव्ही करा.”

“आणि बिघडलं तर?”

“बिघडायलाच हवं.”

बिघडले नाही. धडा सुरळीत सुरू झाला आणि ११ हा आकडा पुन्हा झळकला. व्याकरणदृष्ट्या मोडलेली फाइल कंपायलरने, म्हणजे कोडचे चालणाऱ्या रूपात रूपांतर करणाऱ्या भागाने, वाचली असती, तर कंपायलर एरर्स पॅनलमध्ये लाल ओळ आलीच असती. ती आली नाही, याचा अर्थ त्यांची फाइल कोणी उघडलीच नव्हती. या एका चाचणीने प्रश्नाचे दोन तुकडे होतात. त्रुटी आली, तर फाइल बरोबर आहे आणि शोध पुढे न्यावा. त्रुटी आली नाही, तर कोडकडे बघण्यात वेळ न घालवता ॲनिमेट कोणती फाइल वाचत आहे एवढेच शोधावे. काम झाल्यावर तो शब्द आठवणीने काढून टाकावा.

येथे एक अपवाद आहे. ॲक्शनस्क्रिप्ट ३ चा कंपायलर ज्या क्लासचा (कोडच्या नाव दिलेल्या एककाचा) कोठेही उल्लेख नाही असा क्लास घेतच नाही. त्यामुळे एखादी सुटी सहायक फाइल मोडून पाहिली आणि त्रुटी आली नाही, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. आधी मुख्य क्लासची फाइल मोडून पाहावी. कॅनव्हासमध्ये ॲनिमेट बाहेरचा जावास्क्रिप्ट कोड अशा रीतीने तपासत नाही, म्हणून तेथे फाइलच्या आरंभी कन्सोलवर त्या क्षणाची घड्याळातील वेळ छापणारी ओळ लिहावी आणि एफ१२ च्या कन्सोलमध्ये ती उमटते का ते पाहावे. “चाचणी” असा शब्द न छापता वेळ छापावी, कारण मागच्या फेरीतला शब्द आणि आताचा शब्द सारखाच दिसतो.

मग कोणती फाइल वाचली जाते?

ॲक्शनस्क्रिप्ट ३ साठी याचे उत्तर ॲनिमेट स्वतःच देतो. फाइल मेनूतील ॲक्शनस्क्रिप्ट सेटिंग्ज उघडावे. तेथे डॉक्युमेंट क्लासच्या, म्हणजे मुख्य क्लासच्या, नावाशेजारी पेन्सिलीचे चिन्ह असते. ते दाबल्यावर जी फाइल उघडते, तीच ॲनिमेटला सापडलेली फाइल. तिचा पूर्ण पत्ता आणि व्हीएस कोडमधील फाइलचा पूर्ण पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा. त्याच खिडकीत खाली सोर्स पाथची, म्हणजे कोड कोठे शोधायचा त्या फोल्डरांची, यादी असते. यादीत एकटा टिंब असेल, तर त्याचा अर्थ “एफएलए (ॲनिमेटची मूळ) फाइल जेथे आहे तो फोल्डर” असा होतो. त्याशिवाय सी ड्राइव्हपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता असेल, तर तो मूळ प्रकल्प करणाऱ्याच्या संगणकाचा असण्याची शक्यता दाट असते आणि दुर्दैवाने तोच पत्ता तुमच्याकडेही अस्तित्वात असू शकतो.

डिचोलीच्या धड्यात नेमके हेच झाले होते. यादीत डेस्कटॉपवरील एका फोल्डरचा पूर्ण पत्ता होता. शाळेच्या संगणकावर मधल्या काळात वनड्राइव्हचा बॅकअप चालू झाल्यामुळे डेस्कटॉप वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेला होता, आणि जुन्या ठिकाणच्या डेस्कटॉप फोल्डरमध्ये जुनी प्रत तशीच पडून होती. डोळ्यांना दिसणारा डेस्कटॉप एक, ॲनिमेटला दिसणारा दुसरा. यादीतून तो पत्ता काढून फक्त टिंब ठेवल्यावर मोडलेल्या फाइलबद्दलची लाल ओळ लगेच आली, आणि त्रुटीचा संदेश पाहून कोणी इतके खूश झाल्याचे मी प्रथमच ऐकले. वनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: दोन संगणकांवर एकाच वेळी बदल झाले, तर वनड्राइव्ह एका प्रतीच्या नावापुढे संगणकाचे नाव जोडून ती वेगळी ठेवतो, आणि तुमचा बदल कदाचित त्या नाव बदललेल्या प्रतीत असतो.

आता ते फसवे लक्षण, म्हणजे त्रुटी नाही आणि बटणे मृत. डॉक्युमेंट क्लासचे नाव लिहिताना एका अक्षराची चूक झाली, किंवा फाइल सापडली नाही, तर ॲनिमेट काम थांबवत नाही. या नावाची व्याख्या सापडली नाही, म्हणून निर्यातीच्या वेळी ती आपोआप तयार केली जाईल, अशा अर्थाची सूचना तो दाखवतो. घाईत आपण ओके दाबतो, तो एक रिकामा क्लास तयार करतो आणि तुमचा सर्व कोड बाहेरच राहतो. लायब्ररीतील चिन्हांना जोडलेल्या क्लासांचेही असेच होते. ही सूचना दिसली की ओके न दाबता रद्द करावे, असा माझा स्वतःपुरता नियम आहे. नावातील लहान-मोठी रोमन अक्षरेही जशीच्या तशी जुळली पाहिजेत. ५००८ क्रमांकाची त्रुटी आली तर फाइलचे नाव आणि आतील क्लासचे नाव जुळत नाही, ५००१ आली तर पॅकेजचे नाव आणि फोल्डर जुळत नाही, आणि १०४६ आली तर उल्लेख केलेला प्रकार सापडला नाही असे समजावे.

देवनागरी मजकूर बिघडत असेल तर

व्हीएस कोडच्या तळाशी उजवीकडे यूटीएफ-८ (अक्षरे साठवण्याची पद्धत) असे लिहिलेले आहे का, एवढे पाहावे. मजकुराच्या जागी टोपी आणि टिंबे लावलेली रोमन अक्षरे दिसत असतील, तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला गेला आहे. रीओपन विथ एन्कोडिंगने तो परत मिळतो. पण ओळीने प्रश्नचिन्हेच दिसत असतील, तर मूळ अक्षरे सेव्ह होतानाच गेलेली आहेत आणि ती फाइल पुन्हा सेव्ह करून काहीही साधणार नाही. जुनी प्रत शोधावी. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केलेल्या फाइलींत हे फार घडते.

एफएलएच्या पोटातील कोड

फाइल बरोबर आहे, कंपायलर ती वाचतो आहे, तरी वर्तन जुनेच आहे, अशा वेळी टाइमलाइनच्या एखाद्या फ्रेममध्ये जुना कोड शिल्लक असतो. बाहेरची फाइल सुरू करण्यापूर्वी कोणीतरी तोच आकडा फ्रेममध्ये लिहिलेला असतो, आणि प्लेहेड तेथे पोचताच तो तुमच्या नव्या किमतीवर मात करतो. व्हीएस कोडमध्ये शोधून हा कोड सापडत नाही, कारण एफएलए ही फ्लॅशच्या (ॲनिमेटचे पूर्वीचे नाव) सीएस५ आवृत्तीपासून एक झिप केलेली फाइल आहे आणि एडिटर तिच्या आत शिरत नाही. ॲक्शन्स पॅनलमधील शोध वापरता येतो, पण मला दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो: प्रकल्पाची प्रत सेव्ह ॲज करून एक्सएफएल या स्वरूपात ठेवावी. मग झिपच्या जागी उघडा फोल्डर मिळतो, त्यातील एक्सएमएल फाइलींत फ्रेमचा कोड जसाच्या तसा असतो, आणि व्हीएस कोड संपूर्ण फोल्डरमध्ये तो शब्द शोधून देतो. सापडलेली ओळ मात्र एक्सएमएलमध्ये न खोडता ॲनिमेटमध्ये जाऊन काढावी.

कॅनव्हासमध्ये पब्लिशने पुसलेले काम

पब्लिश केल्यावर ॲनिमेट एक एचटीएमएल आणि एक जेएस फाइल तयार करतो. त्या जेएस फाइलमध्ये हाताने केलेला कोणताही बदल पुढच्या पब्लिशला पुसला जातो. ती फाइल ॲनिमेटची आहे, आपली नाही. आपला कोड वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये ठेवून तो ॲक्शन्स पॅनलमधील ग्लोबल विभागातून जोडावा. एचटीएमएल हाताने बदलले असेल, तर पब्लिश सेटिंग्जमधील ओव्हरराइट एचटीएमएल या पर्यायाची खूण काढावी. त्यानंतर ब्राउझरमध्ये पानाचा स्रोत उघडून प्रत्येक स्क्रिप्ट टॅगमधील पत्ता वाचावा, कारण ब्राउझर त्या पत्त्यावरचीच फाइल आणतो, आपल्या मनातली नव्हे.

फ्रेममधून बाहेरच्या फाइलीत हलवलेला कोड गप्प बसला, तर “धिस” हा शब्द तपासावा. फ्रेममध्ये त्याचा अर्थ ती टाइमलाइन असा होतो, बाहेरच्या फाइलीत तसा होत नाही. तेथे मुख्य टाइमलाइन एक्स्पोर्टरूट या नावाने मिळते. तसेच एचटीएमएलवर दोनदा क्लिक करून ते थेट डिस्कवरून उघडू नये. त्या स्थितीत ब्राउझर कॅनव्हासवरील चित्रांचे पिक्सेल वाचू देत नाही आणि माउसला प्रतिसाद देणारा कोड सुरक्षेच्या त्रुटीवर अडकतो. व्हीएस कोडमधील लाइव्ह सर्व्हर हे विस्तारक पुरेसे आहे.

धडा नवा, मेनू जुना

माझे सर्वाधिक तास येथे गेले आहेत. आमचे जुने प्रकल्प असे बांधलेले होते की मेनूची एक एसडब्ल्यूएफ (पब्लिश केलेली, चालवण्याची) फाइल असे आणि ती प्रत्येक धड्याची एसडब्ल्यूएफ लोड करी. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या फाइली चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा संपला, तेव्हा त्यातील काही धडे कॅनव्हासमध्ये गेले आणि बाकीचे एअरमध्ये (एसडब्ल्यूएफ स्वतंत्र ॲपसारखी चालवणाऱ्या व्यवस्थेत) बांधून चालू ठेवले. एअर २०१९ पासून हार्मन ही कंपनी सांभाळते, त्यामुळे ते धडे आजही चालतात, आणि त्यांच्याबरोबर हा दोषही.

समजा, गुण मोजणारा क्लास मेनूतही वापरला आहे आणि धड्यातही. एसडब्ल्यूएफ तयार होताना त्या क्लासची एक-एक प्रत दोन्ही फाइलींत बंद होते. तुम्ही क्लास सुधारून फक्त धडा पब्लिश केला, तर धड्यात नवी प्रत आणि मेनूत जुनी प्रत राहते. धडा एकटा चालवला की नवी प्रत चालते. मेनूने तो लोड केला की, सर्वसाधारण मांडणीत, एकाच नावाच्या दोन व्याख्यांपैकी आधीपासून हजर असलेल्या पालकाची, म्हणजे मेनूची, व्याख्या ग्राह्य धरली जाते आणि धड्यातील नवी प्रत बाजूला पडते. मुद्दाम केलेल्या चुकीची चाचणीही येथे दिशाभूल करते, कारण धडा पब्लिश करताना त्रुटी व्यवस्थित येते आणि आपण निर्धास्त होतो. उपाय साधा आहे: सामायिक क्लास बदलला की तो वापरणाऱ्या सर्व एसडब्ल्यूएफ पुन्हा पब्लिश कराव्यात. प्रत्येक धडा वेगळ्या ॲप्लिकेशन डोमेनमध्ये (क्लासांच्या वेगळ्या कप्प्यात) लोड करण्याचा मार्गही आहे, पण मग एकाच नावाचे दोन प्रकार परस्परांना ओळखत नाहीत आणि मेनू व धडा यांच्यातील देवाणघेवाण मोडते. तो मार्ग मी घेत नाही.

शाळेतील संगणक

तुमच्याकडे सर्व बरोबर असेल, तर कॉपी झाली का ते पाहावे. “फक्त नव्या फाइली कॉपी करा” अशा रीतीने चालणारी साधने फाइलवरील वेळ तुलना करतात. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाऊन येण्याचा खेळ दिवसभर चालतो, आणि डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असेल, तर वीज जाताच घड्याळ काही वर्षे मागे पडते. त्या संगणकावर आज सेव्ह केलेली फाइल समोरच्या फाइलीपेक्षा जुनी ठरते आणि कॉपी होत नाही. फ्लॅशच्या जुन्या आवृत्त्यांत ॲक्शनस्क्रिप्ट २ च्या क्लासांचेही असेच होई, कारण कंपायलर एएसओ नावाच्या साठवलेल्या फाइलीची वेळ पाहून क्लास पुन्हा वाचायचा की नाही ते ठरवी. म्हणूनच कंट्रोल मेनूत डिलीट एएसओ फाइल्स हा पर्याय दिलेला होता. सेल बदलावा, घड्याळ लावावे आणि फोल्डर एकदा संपूर्ण कॉपी करावा.

कोठे थांबावे

कॉपी झाली, त्या दिवशी बरोबर चालले आणि संगणक बंद करून चालू केल्यावर जुने परत आले, तर तेथे प्रत्येक वेळी मूळ स्थितीत परतणारी व्यवस्था बसवलेली आहे. शाळांच्या प्रयोगशाळांत ती मुद्दाम बसवतात. तिच्याशी झटापट न करता ज्याने ती बसवली त्यालाच बोलवावे.

फाइल उघडायला नेहमीपेक्षा फार वेळ लागत असेल, सेव्ह अर्ध्यावर अडकत असेल किंवा हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर संगणक तत्काळ बंद करावा. दुरुस्तीचे कोणतेही साधन चालवू नये, कारण प्रत्येक नवे लेखन उरलेल्या फाइलींवर घाला घालते. हे काम डेटा परत मिळवणाऱ्या तंत्रज्ञाचे आहे.

एफएलए उघडतच नसेल, तर तिची प्रत घेऊन नाव झिप करावे आणि ती एकदा उलगडून पाहावी. चित्रे आणि एक्सएमएल बाहेर आले तर उत्तम. न आल्यास तेथेच थांबावे. आणि प्रकल्प ॲक्शनस्क्रिप्ट २ मधील असेल, तर २०१३ च्या फ्लॅश सीसीपासून पुढे त्याला आधारच नाही. ते काम दुरुस्तीचे राहत नाही, कोड नव्याने लिहिण्याचे होते, आणि त्यासाठी ही भाषा जाणणारा प्रोग्रामर लागतो. त्याला एकटी एसडब्ल्यूएफ न देता संपूर्ण फोल्डर द्यावा, ॲनिमेटची आवृत्ती सांगावी, आणि मुद्दाम केलेल्या चुकीनंतर त्रुटी आली होती की नाही, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे.